घाटावरचा समुद्र

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

मूर्ती बसली, आरती झाली, मोदकांनंतर घर आडवं झालं आणि मला कालची बातमी नीट वाचायला निवांतपणा मिळाला. विशाखापट्टणमला ‘उदयगिरी’ आणि ‘हिमगिरी’ या दोन युद्धनौका एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. पहिली माझगाव डॉकची, दुसरी कोलकात्याच्या गार्डन रीचची. ‘उदयगिरी’ ही नौदलाच्या स्वतःच्या युद्धनौका आराखडा विभागानं रेखाटलेली शंभरावी नौका. पाण्यात उतरल्यापासून ३७ महिन्यांत ती नौदलाच्या हाती आली.

बातमीत खाली एक ओळ होती. दोनशेहून जास्त लहान उद्योगांकडून सामान घेतलं, सुमारे ४,००० लोकांना थेट आणि १०,००० हून जास्त लोकांना अप्रत्यक्ष काम मिळालं. त्या अप्रत्यक्षांमध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले आम्ही असू शकतो. आमच्या शॉपमधले ब्राँझचे व्हॉल्व्ह पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला जातात. तिथं त्यांच्यावर कंपनीचा नंबर पडतो. पुढं ते कुठल्या जहाजात बसतात हे आम्हाला सांगितलं जात नाही, सांगूही नये. पण बाबा असते तर आज त्यांनी गणपतीपुढं या बातमीचे जादा पेढे ठेवले असते.

शेजारच्या फाउंड्रीचे काका दर्शनाला आले होते. आजपासूनच भारतीय मालावर अमेरिकेचा ५० टक्के कर लागू झाला. त्यांचं बरंचसं कास्टिंग परदेशी जातं. प्रसाद हातात घेऊन ते बराच वेळ नुसते बसून राहिले.

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बातमी तिनंही वाचली होती. म्हणाली, “माझ्या चौथीच्या वर्गात पावसाचं पाणी टपकतंय. सात जहाजांना पंचेचाळीस हजार कोटी म्हणजे किती वर्ग होतात, सांग बरं.” या दोन्ही नौका ज्या ‘निलगिरी’ वर्गातल्या, त्यातल्या सातही जहाजांचा खर्च साधारण तेवढाच आहे, तिचा आकडा बरोबर होता. तिला उडवून लावणारं उत्तर मला द्यायचं नाही. पण उत्तर द्यायचं आहे.

९ सप्टेंबर

आज हायड्रो टेस्ट. इन्स्पेक्टर साहेब साडेदहाला आले.

व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांना आंधळे फ्लँज आवळले, पाणी भरलं, आतली हवा काढून टाकली आणि पंपानं दाब चढवत नेला. जहाजात जेवढा दाब असेल त्याच्या दीडपट. काटा तिथं पोचला की पंप बंद करायचा आणि थांबायचं. साहेब कोरडं फडकं घेऊन बॉडी पुसतात, मग टॉर्च मारून पाहतात. पहिले काही पास झाले. त्यानंतरच्या एकावर, मानेजवळ बरगडी जिथं मिळते तिथं, टाचणीच्या टोकाएवढा ओला ठिपका दिसला. फडक्यानं पुसला, पुन्हा आला. काटा हललासुद्धा नव्हता.

मामा बाबांच्या वेळेपासून मोल्डिंगवर आहेत. ते वाकून बघत म्हणाले, “ताई, पाझरतंय. हितं राइझर कमी पडलाय.” निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून जहाजाला तेच हवं. पण ओतायला ते फार अवघड. थंड होताना जास्त आकसतं, आणि रस खळखळत साच्यात गेला तर त्यावर साय धरते आणि ती आतच अडकते. म्हणून साचा खालून, सावकाश भरावा लागतो. मामांनी दुपारी पॅटर्नवर खडूनं राइझरची, म्हणजे जादा रस पुरवणाऱ्या कोठीची, नवी जागा दाखवली आणि मानेजवळ चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, बसवायला सांगितला. तो नग भंगारात गेला. वेल्डिंगनं बुजवता आला असता, पण परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही.

वहिनीला सांगण्यासारखं मला जे वाटतं ते इथंच आहे. नौदलाच्या कामाआधी आमच्याकडं हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळणीचा क्रमांक, ही गोष्ट नव्हती. आता प्रत्येक ओतकामाला नंबर असतो, त्याच हीटची चाचणीपट्टी जपून ठेवलेली असते, आणि पाच वर्षांनी कुणी विचारलं तरी तो धातू कुठून आला हे आम्ही सांगू शकतो. गंमत अशी की आता साखर कारखान्याच्या पंपाचं कामही आमची पोरं याच शिस्तीनं करतात. त्यांना दुसरी पद्धत आता आवडतच नाही. नौदलानं एका व्हॉल्व्हचे पैसे दिले, पण आमच्या शॉपची सवय बदलली ती कायमची. हा फायदा कुठल्याही अर्थसंकल्पात लिहिलेला नसतो.

मात्र त्याला एक अट आहे. ही सवय टिकायला काम सतत हवं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

काल भावनगरला पंतप्रधानांनी एक आकडा सांगितला. आपण परदेशी जहाज कंपन्यांना दरवर्षी मालवाहतुकीपोटी सुमारे सहा लाख कोटी रुपये देतो, जवळजवळ आपल्या संरक्षण अर्थसंकल्पाएवढे. पन्नास वर्षांपूर्वी आपला ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांतून व्हायचा, आता ५ टक्के.

मी कपाटातून या वर्षीच्या अर्थसंकल्पाची कात्रणं काढली. संरक्षणाला एकूण ६.८१ लाख कोटी. त्यातले १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. नव्या खरेदीसह भांडवली खर्च १.८० लाख कोटी. आणि नौदलाच्या ताफ्यासाठी वेगळे दाखवलेले २४,३९० कोटी. म्हणजे वर्षभरात नवीन जहाजांसाठी आपण जेवढं काढून ठेवतो, त्याच्या चोवीसपट भाडं दुसऱ्यांच्या जहाजांना देतो.

आपला वजनानं ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रावरून जातो, किमतीनं ७० टक्के. त्या वाटा नौदल राखतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये ‘रुएन’ हे जहाज सोमाली चाच्यांच्या हातून सोडवलं तेव्हा आपल्या कमांडोंना विमानातून समुद्रात उतरवलं होतं. चाळीस तास कारवाई चालली. १७ खलाशी सुखरूप सुटले आणि शरण आलेले ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. जहाज माल्टाच्या झेंड्याचं होतं. वाचवलं हे योग्यच झालं, समुद्रावर संकटातल्या माणसाचा झेंडा विचारायचा नसतो. आणि वाट सुरक्षित राहिली तर आपलाही माल जातो. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा शिरोलीतल्या निर्यातदारांचे कंटेनर आठवडे आठवडे उशिरा पोचत होते. एडनच्या आखातातल्या गोळीचा हिशेब कोल्हापुरातल्या कॅशबुकात उतरतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पण पहारेकरी आपला आणि गाड्या सगळ्या परक्यांच्या, हे किती दिवस चालायचं? नौदलावरचा खर्च कमी करा असं मी म्हणणार नाही. त्या खर्चातून जे हात तयार झाले, त्या हातांनी मालवाहू जहाजंही बांधायला हवीत. तसं झालं तर नौदलाचा रुपया दोनदा कामाला येईल.

२५ सप्टेंबर

काल मंत्रिमंडळानं जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. २४,७३६ कोटी जहाज बांधणाऱ्यांना साहाय्य म्हणून, मुदत मार्च २०३६ पर्यंत. २५,००० कोटींचा सागरी विकास निधी. १९,९८९ कोटी यार्डांची क्षमता वाढवायला.

या सगळ्यात मला २०३६ हा आकडा सर्वांत मोलाचा वाटला. मशीन घेताना कर्ज सात वर्षांचं असतं. काम दोन वर्षांचं दिसत असेल तर बँक मॅनेजर चहा देतात, पण कर्ज देत नाहीत.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

लेथ, ड्रिल, हायड्रो पंप, मामांची थापी आणि व्हर्निअर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. पोरांना शर्टपीस वाटले. दुपारनंतर शॉप शांत होतं, तेव्हा बाबांच्या टेबलावर बसून वालचंद हिराचंदांबद्दल वाचत राहिले.

सोलापूरचा माणूस. समुद्र शंभर कोसांवर. १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघालं. तोच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला संपवायचा घाट घातला, तरी ती तगली. मग जहाजं विकत घेण्यापेक्षा बांधायचीच या जिद्दीनं विशाखापट्टणमला यार्ड काढलं. १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी. १९४८ च्या मार्चमध्ये तिथंच ‘जल उषा’ पाण्यात उतरलं, नेहरूंच्या हस्ते. स्वतंत्र भारतात बांधून झालेलं ते पहिलं मोठं मालवाहू जहाज. सैन्याचं नव्हे, व्यापाराचं.

पुढं ते यार्ड सरकारनं घेतलं, आणि २०१० मध्ये ते संरक्षण मंत्रालयाकडं गेलं. व्यापारी जहाजांसाठी काढलेली जागा शेवटी युद्धनौका आणि पाणबुड्यांच्या कामाची झाली. मला यात कुणाचा डाव दिसत नाही. व्यापारी जहाजाला गिऱ्हाईक किमतीवर मिळतं आणि तारखेवर टिकतं. आपलं पोलाद महाग, कर्ज महाग, इंजिन बाहेरून येणार. युद्धनौकेला गिऱ्हाईक एकच, आणि ते कुठं जाणार नाही. यार्डं तिकडं झुकणारच.

दक्षिण कोरियाचा क्रम उलटा होता. ह्युंदाईच्या चुंग जू-युंग यांनी १९७२ मध्ये उल्सानच्या किनाऱ्यावर यार्डाचं काम सुरू केलं, सुरुवात तेलवाहू टँकरांपासून. इंग्लंडमध्ये कर्ज मागताना त्यांनी पाचशे वॉनची नोट काढून तिच्यावरची कासवनौका दाखवली, आम्ही चारशे वर्षांपूर्वी ही बांधली होती म्हणून, असं सांगतात. आठ वर्षांत, १९८० मध्ये, त्याच यार्डातून नौदलाची ‘उल्सान’ ही फ्रिगेट पाण्यात उतरली. टँकर बांधून हात बसला, मग युद्धनौका. आज चीन जगातली निम्म्याहून जास्त जहाजं बांधतो आणि तिथं व्यापारी आणि लष्करी जहाजं शेजारशेजारच्या गोद्यांत उभी असतात. आपला वाटा एक टक्काही नाही.

कासवनौकेवरून मला आपला सिंधुदुर्ग आठवला, कल्याण-भिवंडीला शिवरायांनी बांधवून घेतलेली गलबतं आठवली. त्या आरमारामागं कोकणातली मिठागरं, बंदरांवरची जकात आणि मालाची गलबतं उभी होती. आरमार आणि व्यापार त्या काळी एकाच खात्यावर मांडलेले होते.

वहिनीला एवढंच सांगितलं की जहाज आणि शाळा हे भांडण नाही. शाळेचं छप्पर गळतं कारण तिजोरीत पुरत नाही, आणि तिजोरी भरायची असेल तर सहा लाख कोटींतला काही वाटा तरी इथं राहायला हवा. ती म्हणाली, “मग तो राहीपर्यंत मुलांनी छत्री घेऊन बसायचं का?” यावर मी काही बोलले नाही. तिच्या शाळेसाठी शॉपमधून पत्रे आणि दोन माणसं शनिवारी पाठवते आहे.

२९ ऑक्टोबर, मुंबई

गोरेगावला सागरी सप्ताहाच्या प्रदर्शनात दिवसभर पायपीट. भाषणं मोठी होती, मी फार थांबले नाही. इंजिनांच्या मांडणीपाशी मात्र तासभर गेला. आपली ‘निलगिरी’ वर्गातली जहाजं बाहेरच्या आराखड्याच्या टर्बाइन आणि डिझेल इंजिनांवर चालतात. ‘सुरत’सारख्या विनाशिकांच्या टर्बाइन युक्रेनी. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा सुट्या भागांची काळजी इथं लागली. सांगाडा आपला, पोलाद आपलं, हृदय अजून परकं.

म्हणून एप्रिलमध्ये नौदलानं पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी केलेला करार मला मोठा वाटतो. सहा मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन इथंच आराखडा करून बनवायचं, खर्च २७० कोटी, त्यातले ७० टक्के सरकारचे. हेच इंजिन पुढं मालवाहू जहाजातही बसू शकतं. ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांवर तर आमचं उद्यमनगर वाढलं. कोल्हापूरला हे काम नवीन नाही, फक्त मोठं आहे.

३१ ऑक्टोबर, वाढवण

इथं मोठं बंदर होऊ घातलंय. लोकलनं डहाणूच्या अलीकडं वाणगावला उतरले, पुढं रिक्षा. डाय-स्टीलच्या एका व्यापाऱ्यानं ओळख करून दिली होती, त्या डायमेकर दादांकडं गेले.

घराच्या पडवीत, खिडकीच्या उजेडात त्यांचं काम चालतं. सोन्याचे दागिने ठोकायच्या डाय या पट्ट्यातली गावं घराघरांत करतात. मुठीएवढा पोलादाचा ठोकळा, डोळ्याला भिंग, आणि बारीक छिन्नीनं उलटं कोरलेलं फूल. एका पाकळीवर ते माझ्यासमोर अर्धा तास होते. पाकळीची शिर केसाएवढी. मी व्हर्निअरवर जगणारी बाई, पण ते माप मला घेता आलं नसतं.

त्यांची सासुरवाडी मच्छीमारांची. दुपारी किनाऱ्यावर घेऊन गेले. ओहोटी होती. काळे खडक दूरवर उघडे पडले होते आणि बायका वाकून कालवं काढत होत्या. दादांनी समुद्राकडं हात केला. “ताई, बंदर तिथं, समुद्रातच भराव घालून. हा पापलेटाच्या पिल्लांचा समुद्र. आमची लोकं याला गोल्डन बेल्ट म्हणतात.”

आकडे मी पाठ करून गेले होते. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, ७४ टक्के जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. नऊ कंटेनर टर्मिनल, एक हजार मीटरचं एकेक. १,४४८ हेक्टर भराव. नैसर्गिक खोली सुमारे वीस मीटर, त्यामुळं जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजंही इथं लागतील. आज आपला कितीतरी माल कोलंबोला नेऊन मोठ्या जहाजावर चढवावा लागतो. बारा लाख रोजगारांचा अंदाज आहे. १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण प्राधिकरणानं इथल्या बंदराला नकार दिला होता, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं होकार दिला.

बंदर हवं, असं माझं मत आहे, आणि ते मी दादांच्या पडवीत बसून त्यांना सांगितलं. तोंडदेखलं गोड बोलणं मला जमलं नसतं. ते चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, “बारा लाखांत कालवं काढणारी बाई कुठल्या रकान्यात बसते?”

कुठल्याच नाही, हे मला ठाऊक होतं. नुकसानभरपाई बोटीची ठरते, नोंदलेल्या नावेची. खडकावरच्या कालवांना सातबारा नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा म्हटलं, तेव्हा त्याच्या विणीच्या जागेलाही किंमत लावायला हवी होती. माझ्या शॉपमध्ये एक नग भंगारात गेला तरी तो खर्चाला दाखवावा लागतो. इथं एक अख्खा किनारा खर्चाला न दाखवता नफा मोजला जातो आहे. भरावाच्या प्रत्येक हेक्टरामागं गेलेली मासळी वर्षानुवर्षं प्रकल्पाच्या खर्चात धरायची, ती रक्कम या गावांना भाड्यासारखी द्यायची, आणि टग-बोटींची, क्रेनची दुरुस्ती याच तालुक्यातल्या पोरांना शिकवून द्यायची. ज्या हातानं केसाएवढी शिर कोरली जाते त्याला टर्बाइनचं पातं जमणार नाही का? हे मी दादांना म्हणाले. ते म्हणाले, “शिकवायला कोण येणार, ते लिहून द्या.”

निघताना त्यांनी सुके बोंबील बांधून दिले.

१४ नोव्हेंबर

जुलैच्या बिलाचे पैसे अजून नाहीत. लहान उद्योगाचं देणं ४५ दिवसांत द्यायचं हा कायदा २००६ पासून आहे, आणि आता उशिरा दिलं तर मोठ्या कंपनीला करातही त्याचा फटका बसतो. तरी आज फोनवर “वरून आलं की लगेच सोडतो” हेच ऐकलं. पोर्टलवर तक्रार करता येते. केली की पुढची चौकशी आपल्याकडं येत नाही, हे सगळी एमआयडीसी जाणते.

यंदा संरक्षणाच्या खरेदीतले १.११ लाख कोटी देशी उद्योगांसाठी राखून ठेवलेत. फार चांगलं पाऊल आहे. पण हा पैसा दिल्लीहून निघून यार्डात, यार्डातून कंपनीत आणि कंपनीतून शिरोलीत पोचेपर्यंत मला मामांचा पगार कॅश क्रेडिटवर व्याज भरून द्यावा लागतो. यार्डाला हप्ता सोडतानाच शेवटच्या पुरवठादाराला पैसे मिळाल्याची पावती मागितली, तर हा घोळ एका वर्षात सुटेल. लष्करी आराखड्याइतकं अवघड नाही हे.

२६ नोव्हेंबर

परवा मुंबईत ‘माहे’ नौदलात दाखल झाली. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी, कोचीन शिपयार्डनं बांधलेली, तिच्या मालिकेतल्या आठांपैकी पहिली. आठ एकसारखी जहाजं म्हणजे एकच व्हॉल्व्ह आठ वेळा. मालिका मोठी असली की पॅटर्नचा खर्च भागतो.

आज आलेली चौकशी मात्र नौदलाची नाही. कोकण किनाऱ्यावरच्या एका खासगी यार्डाला मालवाहू जहाजांच्या बॅलास्ट लाइनसाठी बटरफ्लाय व्हॉल्व्ह हवे आहेत. भाव आमच्या नौदलाच्या भावाच्या निम्म्याच्याही खाली मागितला आहे. तारीख ठाम, एक आठवडा उशीर झाला तर दंड.

संध्याकाळी मामा, धाकटा भाऊ आणि मी ड्रॉइंग पसरून बसलो. सगळा व्हॉल्व्ह ब्राँझचा केला तर हा भाव अशक्य. पण इथं तशी गरज नाही. बॉडी एसजी आयर्नची, म्हणजे चिवट बिडाची, आतून रबराचं अस्तर, फक्त डिस्क ब्राँझची चालते. भारतीय जहाज नोंदणी संस्थेचं प्रमाणपत्र तेवढं घ्यावं लागेल. टेस्ट बेंच आणि हीट नंबरची शिस्त आपल्याकडं तयार आहे, ती नौदलानं लावलेली.

एसजी आयर्न आम्ही ओतत नाही. शेजारचे काका ओततात, आणि ऑगस्टपासून त्यांच्या दोन भट्ट्यांतली एक थंड आहे. तसेच ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून बॉडीची जाडी बघितली, वजनाचा अंदाज केला, कागदावर भाव लिहिला. वाजवी आहे. पॅटर्नसकट पहिला लॉट द्यायला आठ आठवडे म्हणाले. मी सहा मागितलेत. उद्या सकाळी मामांना घेऊन पुन्हा बसायचं आहे, कारण मामांच्या मते पॅटर्न लाकडाऐवजी अॅल्युमिनियमचा केला तर मोल्डिंगचा वेळ वाचेल. त्याचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायला काका तयार आहेत.